मुख्याध्यापक माकिगुची : मुलांच्या सुखासाठी वेचलेले आयुष्य

स्मरणिकेत संस्थेची वाटचाल असावी, गुरुजनांच्या आठवणी असाव्यात, माजी विद्यार्थ्यांचे कर्तृत्व असावे, हे ओघानेच येते. परंतु ज्या कार्याचा वारसा आपण सांगतो, तेच कार्य जगाच्या पाठीवर अन्यत्र कोणी केले, कोणत्या परिस्थितीत केले आणि त्यासाठी कोणते मोल दिले, हेही आपल्या मुलांना व पालकांना ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते. म्हणून या अंकासाठी आम्ही जपानमधील एका शाळामास्तराचे चरित्र निवडले आहे. त्सुनेसाबुरो माकिगुची हे त्यांचे नाव. आज जगभर ते शिक्षणतज्ज्ञ आणि बौद्ध विचारवंत म्हणून ओळखले जातात. पण आयुष्याची ऐन उमेदीची सुमारे १९ वर्षे ते टोकियो शहरातील सरकारी प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक होते, आणि त्यांची खरी ओळख त्या शाळांच्या वर्गांत व आवारांत घडली. म्हणून आम्ही त्यांच्याकडे प्रथम मुख्याध्यापक म्हणूनच पाहणार आहोत.

माकिगुचींचा जन्म ६ जून १८७१ रोजी जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील निइगाता प्रांतात, काशिवाझाकीजवळच्या आराहामा या कोळ्यांच्या व दर्यावर्दी लोकांच्या गावी झाला. जन्मनाव चोशिची वातानाबे. मूल तीन वर्षांचे असतानाच वडील घर सोडून गेले ते परतले नाहीत. आईने दुःखाच्या भरात मुलाला कवटाळून समुद्रात उडी घेतली होती. दोघेही वाचले, असे चरित्रकार नमूद करतात. पुढे माकिगुची आडनावाच्या नातलगांनी या पोरक्या मुलाला दत्तक घेतले. जपानमध्ये १८७२ साली सार्वत्रिक शिक्षणाचा कायदा झाला होता, त्यामुळे प्राथमिक शाळेचा लाभ त्याला मिळाला. पण त्यापुढील शिक्षण परिस्थितीच्या आवाक्याबाहेरचे होते.

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा उत्तरेकडील होक्काइदो बेटावर गेला. ओतारू बंदरातील पोलीस ठाण्यात त्याला हरकाम्या पोऱ्या म्हणून काम मिळाले. निरोप पोहोचवावेत, झाडलोट करावी आणि उरलेल्या वेळात पुस्तक उघडून बसावे, असा त्याचा दिनक्रम असे. त्याची ही ज्ञानलालसा तेथील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नजरेत भरली आणि त्याच्या आधाराने साप्पोरो येथील अध्यापक विद्यालयाची वाट मोकळी झाली. आपल्याकडील कित्येक घरांतून पहिल्या शिकलेल्या पिढीची कथा अशीच सांगितली जाते. कोणीतरी एकाने वेळेवर हात दिला, आणि मग त्या मुलाने आयुष्यभर इतरांना हात दिला.

१८९३ साली पदवी घेऊन माकिगुची त्या विद्यालयाला जोडलेल्या प्राथमिक शाळेत शिक्षक झाले. याच सुमारास त्यांनी त्सुनेसाबुरो हे नाव घेतले. होक्काइदोचा हिवाळा अत्यंत कडक असतो. बर्फ पडू लागले की हा तरुण शिक्षक मुलांना सामोरा जाई, लहानग्यांना पाठीवर घेऊन शाळेत आणी, गरम पाणी तयार ठेवून थंडीने फुटलेले त्यांचे हात त्यात धुऊन शेकवी, अशा आठवणी सांगितल्या जातात. काही काळ त्यांनी वसतिगृहाची देखरेखही केली. वसतिगृहात राहून शिकलेल्या आमच्या वाचकांना या कामातील कष्ट वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

१९०१ साली पत्नी कुमा व मुलाबाळांसह ते टोकियोला आले. हाताशी नोकरी नव्हती, ओळखीपाळखी नव्हत्या. होते ते अनेक वर्षे जमविलेल्या टिपणांचे बाड. त्यातून १९०३ साली सुमारे हजार पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मानवी जीवनाचा भूगोल हा त्याचा विषय. त्या काळी भूगोल म्हणजे नद्या, पर्वत व राजधान्यांची नावे घोकणे असे. माकिगुचींनी भूमी आणि माणसाचे जगणे यांचा संबंध उलगडून दाखविला, आणि त्याचा आरंभ मुलाच्या स्वतःच्या गावापासून करावा, असे मांडले. जे मूल आपल्या गावचा ओढा, शेत, बाजार आणि माणसे नीट पाहते, त्याला जग कळते, अशी त्यांची धारणा होती.

या ग्रंथात त्यांनी स्वतःच्याच घरातील वस्तूंची उदाहरणे दिली आहेत. अंगावरच्या लोकरी कापडाची लोकर दूरच्या खंडांतून आलेली, ते कापड विणले गेले इंग्लंडात. तान्ह्या बाळासाठी आणलेले दूध स्वित्झर्लंडचे. आणि पायांतील जोड्याचे कातडे काही अमेरिकेतले तर काही हिंदुस्थानातले. एका गरीब शिक्षकाच्या संसारात अवघ्या जगाचे श्रम येऊन मिळालेले असतात, हे त्यांना मुलांना दाखवायचे होते. हिंदुस्थानातल्या त्या कातड्याचा उल्लेख वाचताना आम्ही थबकलो. ते कातडे येथे कोणत्या वस्तीत कमावले जाई, ते कमावणाऱ्या हातांना येथील समाजाने कसे वागविले, हे आपल्या लोकांना कोणी सांगावे लागत नाही. ज्यांचा स्पर्श येथे विटाळ मानला गेला, त्यांच्या श्रमाचे ऋण टोकियोतील एका शिक्षकाने १९०३ साली आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले होते. ते हात कोणाचे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ऋण मात्र त्याने मान्य केले होते.

त्याच ग्रंथात त्यांनी राष्ट्राराष्ट्रांतील स्पर्धेचाही विचार केला. लष्करी, राजकीय आणि आर्थिक स्पर्धेच्या पायऱ्या ओलांडून माणुसकीच्या स्पर्धेकडे, म्हणजे इतरांचे भले साधून आपले भले साधण्याकडे जगाने यावे, असे त्यांनी सुचविले. पुढच्याच वर्षी रशिया व जपान यांचे युद्ध पेटले. विजयाच्या घोषणांत हा आवाज विरून गेला असल्यास नवल नाही.

ग्रंथाने नाव मिळाले, तरी पोटापाण्याची भ्रांत मिटली नाही. माकिगुचींनी टोकियोत शिकण्यास आलेल्या चिनी विद्यार्थ्यांना भूगोल शिकविला. ज्या मुलींना प्राथमिक शाळेपुढे शिकता येत नव्हते, त्यांच्यासाठी १९०५ साली पत्रद्वारा शिक्षणाचा उपक्रम चालविला. परंतु पैशाअभावी तो फार काळ तग धरू शकला नाही. काही वर्षे शिक्षण खात्यात पाठ्यपुस्तकांचे काम केले. इनाझो नितोबे आणि कुनियो यानागिता यांच्यासारख्या विद्वानांच्या ग्रामजीवन-अभ्यास मंडळात त्यांना मानाचे स्थान होते. आणि मग १९१३ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, ते टोकियोच्या तोसेइ प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले.

त्या काळातील जपानी मुख्याध्यापकाची स्थिती येथे समजून घेतली पाहिजे. १८९० साली सम्राटाच्या नावाने शिक्षणविषयक आज्ञापत्र निघाले होते. सणसमारंभी ते शाळेत गंभीरपणे वाचून दाखविले जाई, सम्राटाच्या तसबिरीसमोर मुलांनी व शिक्षकांनी वाकावयाचे असे, आणि त्या तसबिरीच्या रक्षणाची जबाबदारी मुख्याध्यापकावर असे. राज्याला आज्ञाधारक प्रजा व सैनिक हवे होते, आणि शाळा हा त्यांचा कारखाना मानला जात होता. दुसरीकडे वॉर्डातील पुढारी, नगरसेवक व धनिक यांचा शाळांवर वचक असे. कोणाचा मुलगा पुढच्या बाकावर बसावा येथपासून मुख्याध्यापक कोणत्या शाळेवर राहावा येथपर्यंत त्यांचा शब्द चाले. नवा मुख्याध्यापक रुजू झाला की त्याने अशा बड्यांच्या घरी जाऊन मुजरा करावा, अशी रीत होती.

माकिगुचींनी ही रीत पाळली नाही. वर्गात पुढाऱ्याचे मूल आणि हमालाचे मूल यांत भेद करण्यास त्यांनी ठाम नकार दिला. तोसेइनंतर १९१६ साली ते नव्याने निघालेल्या ताइशो शाळेचे मुख्याध्यापक झाले होते. ती शाळा त्यांनी नावारूपाला आणली आणि याच शाळेवरून १९१९ च्या अखेरीस त्यांची निशिमाची शाळेत बदली झाली. तेथे त्यांना जेमतेम सहा महिने काढता आले. स्थानिक पुढाऱ्याच्या दारात न गेलेला हा माणूस डोळ्यांत खुपत होता. शिक्षकांनी व पालकांनी बदलीविरुद्ध आवाज उठविला, पण आदेश टळला नाही. १९२० साली त्यांना मिकासा शाळेत धाडण्यात आले.

ही बदली म्हणजे शिक्षाच होती. मिकासा ही टोकियोतील अत्यंत गरीब वस्तीतल्या मुलांसाठी काढलेली शाळा. मोलमजुरी करणाऱ्यांची मुले तेथे येत. जागा अपुरी म्हणून वर्ग दोन पाळ्यांत भरत. मुख्याध्यापकाने शाळेच्या आवारातच राहावे, असा नियम होता. माकिगुचींचा प्रपंच मोठा, पगार बेताचा. तरी ते कुटुंबासह तेथे राहावयास गेले.

येथील एक गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. कित्येक मुले जेवणाचा डबा न आणता शाळेत येत. दुपारची सुट्टी झाली की ती कोपऱ्यात बसून राहत किंवा बाहेर निघून जात. माकिगुचींनी आपल्या तुटपुंज्या पगारातून त्यांच्या खाण्याची सोय केली. पण खाणे ठेवले ते वर्गात नव्हे, आपल्या कचेरीतही नव्हे, तर शाळेच्या शिपायाच्या खोलीत. ज्याला भूक लागली असेल त्याने तेथे जावे, घ्यावे आणि खावे. कोणी नाव विचारणार नाही, कोणी रांगेत उभे करणार नाही, कोणी उपकाराची जाणीव करून देणार नाही. उपाशी पोराला अन्न देणारे दाते जगात पुष्कळ आहेत. त्या पोराची मान खाली जाऊ नये याची काळजी घेणारा क्वचितच भेटतो. ज्यांनी शाळेत पाणी वरून ओतून घेतले, ज्यांना गोणपाटावर वेगळे बसविले गेले, त्यांच्या वारसांना शिपायाच्या त्या खोलीचा अर्थ सहज उमजेल.

याच दिवसांत होक्काइदोहून आलेला जोसेइ तोदा नावाचा तरुण शिक्षक त्यांच्या सहवासात आला. निशिमाचीत तो त्यांच्या हाताखाली होता आणि मिकासातही त्यांच्यामागे गेला. तो पुढे त्यांचा सर्वांत निष्ठावान शिष्य ठरला.

१९२२ साली माकिगुची शिरोकाने शाळेवर आले आणि तेथे त्यांना तुलनेने स्थिर अशी सुमारे नऊ वर्षे लाभली. शाळा उत्तम चालली. पण घरात दुःखामागून दुःख येत राहिले. याच काळात त्यांची मोठी झालेली अपत्ये आजारपणाने एकामागून एक निवर्तली. १९२८ साली ते बौद्ध धम्माच्या निचिरेन परंपरेकडे वळले. ही परंपरा सद्धर्मपुंडरीक सूत्राला प्रमाण मानते. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या धम्ममार्गाहून तिची उपासनापद्धती निराळी आहे, हे आम्ही जाणतो. तथापि, माणसाचे दुःख याच जन्मी, याच जगात दूर व्हावे ही माकिगुचींची तळमळ आपल्याला परकी वाटू नये.

मुख्याध्यापकाच्या कामातून सवड मिळेल तेव्हा ते हाती येईल त्या कागदाच्या कपट्यावर आपले विचार टिपून ठेवीत. अशा टिपणांचा मोठा ढीग साचला होता. तोदा यांनी तोवर शिक्षकाची नोकरी सोडून स्वतःची खासगी शाळा काढली होती. त्यांनी ते कपटे लावून घेतले, खर्चाचा भार उचलला, आणि १८ नोव्हेंबर १९३० रोजी माकिगुचींच्या शिक्षणशास्त्राचा पहिला खंड प्रकाशित झाला. नितोबे व यानागिता यांनी त्याला प्रास्ताविके लिहिली. १९३४ पर्यंत एकूण चार खंड निघाले. मूल्यांची निर्मिती असा अर्थ असलेला सोका हा शब्द त्यांच्या विचाराची खूण बनला.

या ग्रंथाचे सार थोडक्यात असे. शिक्षणाचे ध्येय शिकणाऱ्याचे सुख हे आहे. राज्याची, उद्योगाची वा आईबापांच्या प्रतिष्ठेची सोय हे नव्हे. आणि मूल मोठे झाल्यावर केव्हातरी सुखी होईल म्हणून आज त्याला पिळावे, हेही त्यांना मान्य नव्हते. शिकण्याचा काळदेखील सुखाचा असला पाहिजे. सुख म्हणजे चैन नव्हे. आपल्या जगण्यातून सौंदर्य, लाभ आणि सर्वांचे हित ही मूल्ये निर्माण करता येणे, म्हणजे सुख. शिक्षकाने माहितीची पोती मुलाच्या डोक्यात रिती करू नयेत, तर स्वतः कसे शिकावे याची वाट दाखवावी. दिवसाचा अर्धा वेळ अभ्यास आणि अर्धा वेळ उत्पादक काम, अशी शाळेची रचना त्यांनी सुचविली, म्हणजे श्रम आणि विद्या यांची फारकत होणार नाही व परीक्षांचे ओझेही हलके होईल.

शाळांच्या कारभाराविषयीही त्यांनी रोखठोक सूचना केल्या. मुख्याध्यापकांची निवड परीक्षेने व्हावी, कोणाच्या वशिल्याने होऊ नये. शिक्षकांच्या मानेवर बसलेली शाळा-तपासनीसांची पद्धत मोडीत काढावी. स्वतःच्या बदल्यांचा अनुभव घेतलेल्या माणसाच्या या सूचना होत्या. वरिष्ठांना त्या रुचल्या नाहीत. १९३१ साली त्यांची बदली लवकरच बंद होणार असलेल्या एका शाळेवर करण्यात आली. ठरल्याप्रमाणे १९३२ साली ती शाळा बंद झाली आणि तिच्याबरोबर माकिगुचींची मुख्याध्यापकीही संपली. अशा रीतीने एका उत्तम मुख्याध्यापकाला शाळेबाहेर काढण्यात आले.

तेव्हा त्यांचे वय ६१ होते. पुढील वर्षे त्यांनी शिक्षकांचे व नंतर सर्वसामान्य स्त्री-पुरुषांचे संघटन उभारण्यात घालविली. जपान मात्र भलत्याच दिशेने धावत होता. मांचुरिया, मग चीन, मग महायुद्ध. प्रत्येक घरात इसे येथील महामंदिराची, सूर्यदेवतेच्या नावाची पट्टी पूजावी, असा आग्रह सरकारने धरला. सम्राट त्या देवतेचा वंशज मानला जात होता. १९४२ साली माकिगुचींच्या संघटनेचे मासिक बंद पाडण्यात आले. १९४३ च्या जूनमध्ये त्यांच्या पंथाच्या धर्मगुरूंनीच ती पट्टी स्वीकारून संकट टाळावे, असे सुचविले. माकिगुचींनी नकार दिला. ६ जुलै १९४३ रोजी इझू द्वीपकल्पातील शिमोदा येथे त्यांना अटक झाली. शांतता-सुरक्षा कायद्याचा भंग आणि राष्ट्रीय देवस्थानाचा अवमान हे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. त्यांचा विरोध युद्धाला किती आणि राज्याने लादलेल्या पूजेला किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण सम्राटाचे देवत्व निर्विवाद मानले जात असता, चौकशी करणाऱ्या पोलिसांसमोर त्यांनी आपली मते लपविली नाहीत, यात शंका नाही.

त्यांच्याबरोबर धरलेल्या बहुतेकांनी कबुलीजबाब देऊन सुटका करून घेतली. आम्ही त्यांना दोष देत नाही. त्या तुरुंगातील दिवस सोसणे सोपे नव्हते. माकिगुची आणि तोदा मात्र हलले नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या माकिगुचींना टोकियोच्या सुगामो येथील कारागृहात एकांतकोठडीत ठेवण्यात आले. तेथेही त्यांनी पुस्तके मागवून कान्टचे तत्त्वज्ञान वाचले. घरी पाठविलेल्या पत्रांवर पहारेकऱ्यांची कात्री चाले. याच काळात त्यांचा मुलगा योझो चीनमध्ये लढाईवर असताना मरण पावला, आणि ती वार्ता बापाला कोठडीत पत्रातून कळली.

उपासमारीने शरीर खंगले होते. १७ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांनी स्वच्छ कपडे घातले आणि कोणाचा आधार न घेता ते तुरुंगाच्या दवाखान्यापर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. चौदा वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्यांचा शिक्षणग्रंथ प्रकाशित झाला होता. त्यांचा देह नातलगांच्या एका नोकराने पाठीवर वाहून घरी आणला. अंत्यविधीला मोजकीच माणसे आली. देशद्रोही ठरविलेल्या माणसाच्या दारात उभे राहण्यासही त्या दिवसांत धैर्य लागत होते. ज्याने साप्पोरोच्या बर्फातून मुलांना पाठीवर आणले, त्याची अखेरची यात्राही अशी कोणाच्या तरी पाठीवरून झाली.

जुलै १९४५ मध्ये तोदा सुटले. गुरूंच्या मृत्यूची बातमी त्यांना तुरुंगातच कळली होती. त्यांनी मोडलेले संघटन पुन्हा उभे केले. ज्या कायद्याखाली माकिगुचींना डांबले गेले, तो कायदा युद्धानंतर त्याच वर्षी रद्द झाला. पुढे तोदांचे शिष्य दाइसाकू इकेदा यांनी १९६८ साली सोका शाळा व १९७१ साली सोका विद्यापीठ स्थापन केले. नोकरीत ज्यांना एका शाळेवरून दुसरीवर हाकलले गेले, त्यांच्या विचारावर आज अनेक देशांत शाळा उभ्या आहेत.

हे चरित्र लिहिताना आमच्यासमोर आपले माजी विद्यार्थी होते. त्यांतील पुष्कळजण आज शिक्षक, अधिकारी, पुढारी झाले आहेत. माकिगुचींना ज्यांनी छळले तेही कधीकाळी कोणत्या तरी शाळेत शिकलेलेच होते. म्हणून शाळेचे यश केवळ तिच्या विद्यार्थ्यांनी मिळविलेल्या पदांवरून ठरत नाही, असे आम्ही मानतो. वशिल्याचा फोन आल्यावर आपण काय करतो, बड्याचे मूल आणि परित्यक्तेचे मूल यांना एकाच बाकावर बसवतो का, गरजूला मदत देताना त्याचे छायाचित्र काढतो की शिपायाच्या खोलीत ती मुकाट्याने ठेवून येतो, यावरून ते ठरते. पालकांनाही एक विनंती आहे. घरी मुलाला किती गुण मिळाले हे जरूर विचारावे. पण आज शाळेत कोण उपाशी होते आणि तू त्याच्याशी कसा वागलास, हेही एकदा विचारून पाहावे.

पोलीस ठाण्यात झाडलोट करणाऱ्या त्या पोरक्या मुलाला कोणीतरी पुस्तक वाचताना पाहिले आणि हात दिला. आपल्या वसतिगृहाच्या दिव्याखालीही आज कोणीतरी असेच वाचत बसले असेल. त्या मुलाकडे आपले लक्ष राहो, एवढीच या स्मरणाच्या निमित्ताने आमची मंगल कामना.